रुमालाखालचा हात

वडील गेले आणि काटोलची संत्र्याची बाग दादाच्या नावावर झाली. दादा माझ्याहून बराच मोठा, अंगापिंडाने भरलेला, पण समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. आपल्यामागे ही बागच त्याला जेवू घालील, ह्या भरवशावर आई होती. बागेचा कारभार काका पाहत. वडिलांचे हे धाकटे भाऊ स्वतःहूनच पुढे झाले होते.

दर वर्षी झाडावरचा बहार व्यापाऱ्याला विकला जाई. भाव तोंडाने सांगायची रीत नव्हती. रुमालाखाली बोटे धरायची. एक बोट म्हणजे शंभर, अख्खा पंजा म्हणजे पाचशे. घासाघीस काका करत. ठरलेला भाव मात्र व्यापाऱ्याने दादाच्याच हातात द्यावा, असा त्यांचा आग्रह असे.

"वहिनी, उद्या कोणी म्हनू नये, काकानं फसवलं म्हनून. मालकाचाच हात!"

काकांच्या सचोटीचे आम्हाला कौतुक वाटे.

एका वर्षी दादाला घेऊन काटोलहून परतल्यावर काका म्हणाले, "यंदा तीनशेच आले. फळ बारीक हाय."

ते गेल्यावर दादाने आईचा पदर ओढून माझ्या हातावर टाकला, खालून माझा सगळा पंजा घट्ट धरला आणि हसत बसला. मिशनच्या शाळेत मी इंग्रजी कविता आणि भरतकाम शिकले होते. मला वाटले, खेळतो आहे. आई बागाइतदाराची मुलगी. तिने पदराखाली आपला हात दिला, दादाने तोही तसाच धरला. ती उठून स्वयंपाकाला लागली.

चार दिवसांनी तिने व्यापाऱ्याला आणि काकांना जेवायला बोलावले. हात धुऊन व्यापारी पाटावर टेकतो तोच दादाने त्याच्या हातावर पंचा टाकला आणि खालून पंजा धरला. व्यापारी खो-खो हसला.

"मालक, पाचशे देल्ले ना गा! अजून काय मांगता?"

काका ताकाची वाटी शोधू लागले. ती समोरच होती.

"भाऊजी, पोळी घ्या ना," आई म्हणाली. "लाजून काहून राहिले?"

दुसऱ्या दिवशी काकांकडून दोनशे रुपये आले. ते दादासाठीच बाजूला ठेवले होते, असा निरोपही आला.

त्यानंतर काकांचे मत पालटले. दादाला जन्मभर वेडा म्हणणारे काका नात्यागोत्यात सांगू लागले, "पोरगा आता शहाना झाला. सोताची बाग सोता विकू शकते." गिऱ्हाईकही त्यांनी पाहून ठेवले होते. आता फक्त दादाचा अंगठा हवा होता, आणि दादा कोणालाच नाही म्हणत नसे.

आमच्या वकिलांनी एकच उपाय सांगितला. मुलाला व्यवहार समजत नाही, असे आईने कोर्टात सांगायचे. मग कोर्ट तिला पालक नेमील आणि दादाच्या अंगठ्याला किंमत उरणार नाही. दादाला वेडा म्हटले म्हणून आईने शेजारणींशी अबोला धरलेला मी पाहिला होता. ती दोन दिवस जेवली नाही. मग तयार झाली.

कोर्टातल्या इंग्रज जज्जसाहेबाने आम्हाला आपल्या खोलीत बोलावले. दुभाषा रजेवर होता, म्हणून मला पुढे केले. घरी पाहुणे आले तरी मी आतल्या खोलीत जाणारी. साहेबाने विचारले, मुलाला व्यवहार समजतो का? आईने दादाकडे पाहिले. तो वर हलणाऱ्या पंख्याकडे बघून हसत होता.

"समजते त्याले सारं," ती म्हणाली. "नाही म्हनता येत नाही, एवढंच."

वकील खोकले. मी इंग्रजीत सांगितले, "नाही, साहेब. त्याला काही समजत नाही."

साहेबाने ते लिहून घेतले आणि पालक म्हणून आईचे नाव घातले.

पायऱ्या उतरताना आई वकिलांना म्हणाली, "साहेब भला मानूस हाय. खरं सांगतलं, तरी बाग राखली."