मंगलाष्टकातला टिंग

आमच्या घरच्या कुठल्याही लग्नात मंगलाष्टकं म्हणायची ती आत्यानंच, हे भटजींनाही ठाऊक होतं. आत्या पानशेतला खानावळ चालवायची. पुण्याहून धरण बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी वाढता वाढता तिचा आवाज असा काही कमावला गेला होता, की तिला माइक दिला काय आणि न दिला काय, शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जायचं. मंगलाष्टकं ती स्वतःच रचायची. देवांना एका कडव्यात उरकायची आणि मग नवरीचं लहानपण काढायला बसायची. माझ्या थोरल्या बहिणीसाठी, ताईसाठी, तिनं पाच कडवी केव्हाच लिहून ठेवली होती. त्यातल्या तिसऱ्यात भाटघरच्या पाण्यात वाहून गेलेली ताईची चप्पल होती.

पण ताईचं लग्न ठरलं तेव्हा आत्याचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत ती एकाही लग्नात गायली नव्हती. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. ती आपणहूनच मागे सरकत गेली आणि मांडवाच्या टोकाला भाताच्या पातेल्यांपाशी उभी राहायला लागली. मला याचा भयंकर राग यायचा. राग कुणावर काढायचा ते कळत नसल्यामुळे तो मी सगळ्यांवर काढायचे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आत्या त्यांची धाकटी बहीण. अण्णा कचेरीत कारकून होते आणि त्यांनी जन्मात कशालाच धड हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही सांगा ना आत्याला म्हणायला." अण्णा म्हणाले, "बघू," आणि पेपरात बघायला लागले.

मग मी थेट आत्यालाच गाठलं. लग्नाआधी आठ दिवस ती नसरापूरला एसटी बदलून भोरला आमच्याकडे आली होती आणि आल्या आल्या शेव तळायला बसली होती.

"पांढऱ्या कपाळानं अंतरपाटापाशी जाऊ व्हय मी?" ती झारा न थांबवता म्हणाली. "लोक बोलतील त्याचं काय न्हाई. पण उद्या पोरीला कायबी झालं तर माझं मलाच लागून राहील."

"बरं, तू नको येऊस," मी म्हटलं. "तुझा आवाज येऊ दे. आवाजाला कुठं कपाळ असतं?"

आत्याचा झारा थांबला. मला काय बोललो आपण, असं झालं, पण बाण सुटला होता. कढईतली शेव निथळून घेत ती म्हणाली, "ते तुझ्या डब्यात हुईल का?"

डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट आहे ही. भोरमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या दोन धडे पुढे असायचे. पुण्यातून सुटे भाग आणून जुळवलेला तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून मी एसटीतून मांडीवर आणला होता, आणि त्याला जगातली कुठलीही गोष्ट येते असं मी घरात सांगून ठेवलं होतं.

माइक दिला चाचांनी. चाचा आमच्याच आळीत राहायचे. लग्न असो, उरूस असो की गणपती, भोरमध्ये कर्णे लागायचे ते त्यांचेच, आणि ते पेटीही सुरेख वाजवायचे. माझा बेत ऐकून ते म्हणाले, "बाळ, माझा टेप हाय की. बटण दाबायचं, आत्याबाईंनी म्हणायचं, झालं. हा एवढा पसारा कशापायी?"

शहाणा सल्ला होता, म्हणूनच मी ऐकला नाही. मला आधी चाचांची पेटी भरून घ्यायची होती, मग ती आत्याच्या कानात हेडफोनवर वाजवायची होती आणि त्यावर आत्याचा आवाज वेगळा भरायचा होता. असं मी पुस्तकात वाचलं होतं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेल्या साउंड कार्डाच्या जोडीला आणखी एक कार्ड मी आणलं होतं. जुन्यानं वाजवायचं, नव्यानं भरून घ्यायचं. चाचांनी मान डोलावली आणि पेटी वाजवून दिली.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर मुका झाला. जुनं कार्ड वाजेना, नवं ऐकेना. दुपारपर्यंत मी त्याचं पोट उघडून बसले होते. पुस्तकात बोट घालून वाचल्यावर कळलं ते असं, की आतल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, त्या नंबरावरून ते कॉम्प्युटरला हाक मारतं, आणि माझी दोन्ही कार्डं एकच नंबर धरून बसली होती. मी हे चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी एकाच सीटवर दोघांनी रुमाल टाकलाय." इतकं सोपं मी क्लासमध्ये कधीच सांगू शकले नव्हते. मग एकाचा रुमाल उचलला, म्हणजे नवं कार्ड शेजारच्या खाचेत बसवलं, त्याला दुसरा नंबर दिला आणि कॉम्प्युटरमधून पेटीचा सूर निघाला. मी आणि आत्या खोलीभर नाचलो. तिचे हात बेसनाचे होते, ते माझ्या पाठीवर उठले.

दुसऱ्या दिवशी खिडक्यांना गोधड्या लावल्या, आत्याच्या कानांवर हेडफोन चढवला आणि तिच्यापुढे माइक धरला. चार वर्षांनी ती गायली. देवांचं कडवं झालं, दुसरं झालं, चपलेचं तिसरं आलं, आत्यानं टिपेला जाऊन "शुभमंगल" म्हटलं, आणि "सावधान" म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात कॉम्प्युटर म्हणाला, "टिंग."

पडद्यावर एक चौकोन आला होता. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, की हे यंत्र आधीच कुणीतरी वापरत आहे. "आम्हीच वापरतोय, गाढवा," मी म्हटलं आणि तो पुसला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिसरं कडवं, पुन्हा "शुभमंगल", पुन्हा "टिंग". मी स्पीकरच्या वायरी उपटल्या. टिंग आत्याच्या हेडफोनात तर आलाच, पण भरून घेतलेल्या आवाजातही उमटला. मी जुनं कार्ड काढलं, घातलं, मशीन बंद केलं, चालू केलं, उदबत्तीही लावली. तिसऱ्या कडव्याचा "शुभमंगल" आला की टिंग हजर.

त्यामागचं कारण मला लग्नानंतर दोन महिन्यांनी सापडलं. फोनसाठी बसवलेल्या मोडेमसोबत एक निरोप घेणारा प्रोग्रॅम आला होता. त्यालाही माइक हवा असायचा. आम्ही माइक घेतला की तो ठरावीक वेळ वाट बघायचा आणि मग मागायला यायचा. त्या प्रोग्रॅमपुढची बरोबरची एक खूण पुसली असती तर काम झालं असतं. पण तेव्हा हे माहीत नव्हतं आणि आम्ही सहा दिवस गात होतो.

त्या सहा दिवसांइतकी मी पुन्हा कधी हसले नाही. ताई हळद लावायच्या आधीच हसून पिवळी पडली होती. आत्या आधी चिडली, मग तिला सवय झाली. "शुभमंगल" म्हणून ती थांबायची, टिंग होऊ द्यायची आणि मग शांतपणे "सावधान" म्हणायची. "पाहुणा हाय तो, त्याला आधी वाढायला पायजे," असं ती म्हणायची. अण्णा तेवढा वेळ ओसरीवर पेपर धरून बसलेले असायचे. सहा दिवस पेपरचं एकच पान उघडं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

शेवटच्या दिवशी आत्या जशी गायली तसं मी कधी ऐकलं नव्हतं. पाचही कडवी सलग, कुठे दम लागणं नाही की अडखळणं नाही. फक्त तिसऱ्यात टिंग झाला तेव्हा तिचं भान सुटलं आणि ती म्हणाली, "गप की रं मेल्या, मला म्हणू दे." मग "सावधान" म्हणून ती पुढे गेली. तेवढा तुकडा कापायला मी गेले आणि कॉम्प्युटर जागच्या जागी गोठला. तिसऱ्यांदा गोठल्यावर चाचांनी माझा हात धरला.

"आता त्याला हात लावू नको," ते म्हणाले. "हाय तसं कॅसेटवर उतरवू. लग्नात तिसऱ्या कडव्याला शुभमंगल झालं की मी आवाजाचं बटण खाली घेतो, शिवी गेली की वर. कुणाला पत्ता लागणार न्हाई."

लग्नाच्या दिवशी मांडवात सगळं चोख होतं. अंतरपाट धरला होता, अलीकडे ताई, पलीकडे नवरदेव. कर्ण्यातून आत्याचा आवाज आला तेव्हा आमच्याकडच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दोन-चार जणींनी मागे वळून पातेल्यांकडेही बघितलं. आत्या तिथे उभी होती, पदर तोंडावर धरून. मी चाचांकडे डोळे लावले होते. दुसरं कडवं झालं, अक्षता पडल्या. तिसरं सुरू झालं. आणि तेव्हाच मांडवात अक्षता वाटणाऱ्या कुणा भल्या माणसानं चाचांची ओंजळ काठोकाठ भरून टाकली.

चाचा ओंजळीकडे बघत राहिले. मी लांबून हात हलवले. कर्णा म्हणाला, "शुभमंगल. टिंग. गप की रं मेल्या, मला म्हणू दे."

मग अंतरपाटामागून ताईच पहिली हसली, आणि तिच्या हसण्यानं अंतरपाट धरणारे हलले, पलीकडून नवरदेव हसला, आणि मग हसू मांडवभर पसरत गेलं. चाचांनी अक्षता सोडून घाईघाईनं बटण दाबलं ते भलतंच. कॅसेट आत अडकली. फीत बाहेर येऊन त्यांच्या बोटांना गुंडाळली. भटजी घड्याळ दाखवून "मुहूर्त, मुहूर्त" म्हणत होते आणि त्यांनाही हसू आवरत नव्हतं. फक्त मला रडू येत होतं. चार वर्षांनी आलेला आवाज मीच बंद पाडला होता.

तेव्हा अण्णा उठले. ते मांडवातून सरळ मागे चालत गेले. वाटेत लोक बाजूला झाले, त्यामुळे आम्हाला सगळं दिसत होतं.

"चल," ते आत्याला म्हणाले. "पुढलं तू म्हण."

"दादा, मी कशी येऊ तितं?"

"आवाज मघापासनं तितंच हाय तुझा," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "मीच यायला पायजे हुतं तुला बोलवायला. चार वर्सं झाली."

आत्यानं हात पदराला पुसले. ती अण्णांच्या मागोमाग आली आणि अंतरपाटाच्या अगदी जवळ, ताईच्या शेजारी उभी राहिली. माइक नव्हताच. "तिसरं बिघडलंय," ती भटजींना म्हणाली, "तिसऱ्यापासनं घेते." आणि तिनं चपलेचं कडवं उचललं. सगळ्यांच्या मुठी वर गेल्या. चाचांनी फितीसकट हात वर केला. आत्या टिपेला गेली, "शुभमंगल" म्हणाली आणि थांबली.

सहा दिवसांची सवय होती ती. ती वाट बघत होती. सगळा मांडव मुठी वर धरून थांबला होता, आणि आत्याच्या लक्षातच येत नव्हतं की आपण कशासाठी थांबलोय.

"टिंग," अण्णा म्हणाले.

"सावधान," आत्या म्हणाली, आणि इतक्या अक्षता पडल्या की तिच्या पांढऱ्या कपाळावरही काही चिकटून राहिल्या.