कायम ठाऊक असणारं माणूस

वर्लीन गॅटलिनला कुणाच्या शोधात पाठवावं आणि तिनं हात हलवत परत यावं, असं अकरा वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. मिसिसिपीच्या डेल्टात, काळ्या लोकांच्या त्या छोट्या कॉलेजात, तिची नोकरीच ती होती. मूत्रपिंडाच्या आजाराच्या अभ्यासात सहाशे माणसं नोंदलेली. दरवर्षी प्रत्येकाला गाठायचं, प्रश्न विचारायचे, रक्त घ्यायचं. माणसं घरं बदलत, फोन बदलत, नवरे बदलत. वर्लीन न्हाव्याच्या दुकानात डोकावे, नाहीतर चर्चमध्ये कुणाच्या मयतीनंतरच्या जेवणाला जाऊन बसे आणि ताट संपायच्या आत पत्ता काढे. बाई मोठी खमकी.

पूर्वी मोठ्या विद्यापीठातले लोक यायचे, बाटल्या भरभरून रक्त न्यायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. आता सरकारनं पैसा थेट कॉलेजला दिला होता. स्वतःची प्रयोगशाळा, स्वतःचा फ्रीझर, आणि डॉक्टर टमेका बूकर तर याच गावात वाढलेली. पण पुढच्या पाच वर्षांचा पैसा हवा तर दहातली आठ माणसं यंदाही गाठायला हवी होती. शुक्रवार शेवटचा दिवस, आणि एक माणूस कमी पडत होतं. उरलेल्यांतली काही देवाघरी गेली होती, काहींनी दारातूनच नाही म्हटलं होतं.

बुधवारी डॉक्टरनं एक फाइल तिच्यापुढे ठेवली.

"मिस वर्लीन, नात्यातलं माणूस तुमच्याकडे द्यायचं नाही, हा नियम मला पाठ आहे. दरवर्षी मीच यांना फोन करते. यंदा फोन बंद आहे, म्हणून फाइलीतलं बंद पाकीट फोडलं. आतलं पान बघा."

पानावर छापील प्रश्न होता : तुम्ही कुठे आहात हे कायम ठाऊक असेल असं माणूस कोण? खाली आर्डिसचं गोल गोल अक्षर. वर्लीन, बहीण.

नोंदणीच्या दिवशी आर्डिसनं ते हसत हसत लिहिलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. आर्डिस तिच्या उशाशी होती आणि वर्लीन तीस मैलांवर कुठल्याशा म्हाताऱ्याला शोधत होती. "जगाला शोधत फिर तू!" दफनाच्या दिवशी आर्डिस सगळ्यांदेखत ओरडली. "घरात कोण मरतंय ते मी बघते!" त्याला आता नऊ वर्षं झाली.

गुरुवारी ती दारोदार फिरली. अनोळखी माणसाचा पत्ता विचारताना कधी लाज वाटली नव्हती. आज न्हावी म्हणाला, "अगं, तुझीच बहीण ना ती? मग मला काय विचारतेस?" वर्लीन हसली. दुसरं करणार काय? दिवसभरात हेच तिनं चौघांकडून ऐकलं.

शेवटी थकून ती आईच्या थडग्याशी गेली. थडगं नेहमीसारखं स्वच्छ होतं, गवताची काडी नाही. पलीकडे चर्चचे सेवक, डीकन पर्विस, यंत्रानं गवत कापत होते.

"डीकन, आईची जागा इतकी नीट ठेवता, कधी आभारसुद्धा मानले नाहीत मी."

"मी?" म्हातारबुवांनी यंत्र बंद केलं. "माझे गुडघे वाकत नाहीत, बाई. ती आर्डिस येते महिन्याच्या पहिल्या शनिवारी. नदीपलीकडे, लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहते. तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे तर," वर्लीन म्हणाली.

वर्लीन स्वतः दर रविवारी येत होती. एका दिवसाची चुकामूक, नऊ वर्षं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरच्या गाडीतून दोघी गेल्या. दार वर्लीननं वाजवलं. आर्डिस पिकली होती, वाळली होती, पण हनुवटी तशीच वर. वर्लीननं काय काय बोलायचं ठरवलं होतं! तोंडातून निघालं ते अकरा वर्षांच्या सवयीचं : "नमस्कार, मी कॉलेजच्या मूत्रपिंड अभ्यासाकडून आले आहे."

आर्डिसनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ओळखपत्र दाखव."

वर्लीननं गळ्यातलं कार्ड पुढे केलं. आर्डिसनं ते उलटसुलट करून सावकाश वाचलं. मग डॉक्टरला म्हणाली, "तू आत ये, पोरी. आईनं सही केली होती म्हणून मीही केली. शब्द मोडायची नाही मी." आणि दार लागलं.

वर्लीन गाडीत बसून राहिली. आईच्या पद्धतीची गोड बिस्किटं करून आणली होती, तो डबा मांडीवर तसाच. चाळीस मिनिटांनी डॉक्टर रक्ताच्या नळ्या घेऊन बाहेर आली.

"झालं, मिस वर्लीन! आकडा गाठला आपण!"

"शेवटचं पान?" पुढच्या पाच वर्षांसाठी तोच प्रश्न यंदा नव्यानं विचारायचा होता, हे तिला माहीत होतं. "कुणाचं नाव सांगितलं तिनं?"

डॉक्टरनं मान खाली घातली. "तुम्हीच मला शिकवलंत. आतलं बाहेर सांगायचं नाही."

"हो. शिकवलं खरं."

डबा तिनं पायरीवर ठेवला. पडदा हलला नाही.

संध्याकाळी कॉलेजात केक कापला, सगळ्यांनी वर्लीनसाठी टाळ्या वाजवल्या. नंतर तिनं नेहमीप्रमाणे फाइली कपाटात लावल्या. आर्डिसचं पान चिकटपट्टीनं बंद केलेल्या पाकिटात होतं. माणूस हरवलं तरच ते पाकीट फोडायचं, हा नियम वर्लीननंच घालून दिलेला. तिनं पाकीट उजेडाकडे धरलं. कागद जाड होता.

हरवू दे पुन्हा एकदा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. स्वतःचीच लाज वाटून तिनं कपाट बंद केलं, आणि पुढचा पहिला शनिवार किती तारखेला येतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं.