एक वीत, चार बोटं

सध्या मी घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर कामाला आहे. एका आजींना सांभाळते. त्यांच्या खिडकीतून खाली एकमेकींना चिकटून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसतात, आणि मधूनच एखादा सायकलवाला त्यांच्या फटीतून सुळकन पुढं निघून जातो. तो वळणापलीकडं जाईपर्यंत मी बघत राहते.

"ओळखीचा आहे का गं?" आजी विचारतात.

"नाही आजी, सहज."

पण सहज नसतं ते. डोंबिवली आठवते.

माझं गाव लातूरच्याही पलीकडं. शाळा पुढच्या गावात, आठवीपर्यंत सायकलनं गेले. मग धाकटा भाऊ पाचवीत गेला. घरात सायकल एकच होती, ती त्याला मिळाली आणि माझी शाळा तिथंच थांबली. कुणी रागावून थांबवली नाही, नुसती थांबली. पुढं बऱ्याच गोष्टी झाल्या, त्या इथं नकोत. ब्यूरोमार्फत मी पेशंट सांभाळायच्या कामाला लागले तेव्हा आईनं फोनवर एवढंच सांगितलं, "लोकांच्या घरात आहेस बाई, जास्त बोलत जाऊ नको." ते मी फार मनावर घेतलं. आपलं काही चुकलं आणि ब्यूरोला फोन गेला तर, या धास्तीत मी कप विसळतानासुद्धा असायची.

डोंबिवलीत मला काका मिळाले. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंगं काढून रिटायर झालेले. लकव्यानं उजवी बाजू गेलेली. मुलगा, सून आणि ते. माझी खोली ठाकुर्लीला रुळांच्या पूर्वेला आणि काकांचं घर पश्चिमेला. मधे पादचारी पूल. पहिला महिना मी चालत यायची. एकदा उशीर झाला, धापा टाकत आले, तर काका म्हणाले, "खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली माझी सायकल आहे. येते का तुला?"

"यायची काका. आता काय की."

"काय की म्हणजे? सायकल काय विसरते का कुणी? ने ती. उभी राहून गंजायलीय, तुमच्या भाषेत."

माझ्या बोलण्याची ते अशी नक्कल करायचे. काळी, दांडीची, जड सायकल होती ती. सोसायटीच्या आवारात मी दोन चकरा मारल्या आणि वर गॅलरीकडं बघितलं. काका खुर्चीत बसून डावा हात हलवत होते.

लकवा व्हायच्या आधी काका एका सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये होते. शर्यती लावणारा नव्हे. रस्त्यावर सायकलला जागा द्या, असं हापिसांना सांगत राहणारा. कुठं सायकल स्टँड मागायचा, कुठं गटाराच्या जाळ्या फिरवून बसवायला सांगायच्या, कारण पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं असल्या की चाक त्यांत अडकतं. रविवारी सकाळी बागेत सगळे जमायचे. काकांना जाता येईना, म्हणून त्यांनी मला पाठवलं. "जा, आणि कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं मला येऊन सांग. तू माझे कान."

मी गेले आणि फाटकापाशीच उभी राहिले. आत सगळे हेल्मेटवाले, एका हातानं उचलतील अशा सायकली. ग्रुप चालवणाऱ्या मॅडम दातांच्या डॉक्टर. त्यांचं लक्ष माझ्याकडं नाही, सायकलकडं गेलं.

"अगं, ही काकांची ना? मग बाहेर काय उभी? ये आत. चहा घेतेस?"

एवढंच. पण मुंबईकडं आल्यापासून मला बसायला सांगून चहा देणारं ते पहिलं माणूस होतं. पुढचे किती रविवार मी तिथं गेले त्याचा हिशोब नाही. फलक धरले, पत्रं पोचवली, रस्त्यावरच्या खड्ड्यांभोवती खडूनं गोल काढले. घरी आले की काका विचारायचे, "हं, बोल. पहिल्यापासून." मी सांगायची. कोण कुणावर चिडलं तेसुद्धा.

तेव्हा ग्रुपची मोठी मागणी त्या पुलाची होती. पूर्वेकडून पश्चिमेला सायकल न्यायची तर एक तर फार लांबचा वळसा, नाही तर पुलाचे जिने. पाववाले, इडलीवाले, पेपरवाले, वॉचमन, सगळे सायकल खांद्यावर घेऊन चढायचे. मीही. ग्रुपचं म्हणणं साधं होतं: जिन्याच्या कडेनं लोखंडी पन्हळ बसवा. चाक पन्हळीत ठेवायचं आणि सायकल ढकलत वर न्यायची.

सह्या गोळा करायला आम्ही पुलाखाली उभे राहायचो. हेल्मेटवाल्यांसाठी कुणी थांबत नव्हतं, माझ्यासाठी थांबायचे. रोजची तोंडओळख ना. फक्त पाववाल्यानं तोंड वाकडं केलं. "सही करनेसे सायकल उडके जायेगी क्या उपर?"

"उडेगी नही, चढेगी. करो सही."

हे काकांना सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला, आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या सूनबाई, आतून धावत आल्या.

शेवटी हापिसातून परवानगी आली. एका जिन्यावर नमुन्याची पन्हळ बसवायची. नीट चालली तर बाकीच्या जिन्यांना, नाही चालली तर विषय बंद. ड्रॉइंग ग्रुपनं द्यायचं, सोमवारपर्यंत. मॅडम स्वतः घरी येऊन काकांना म्हणाल्या, "काका, हे तुम्हीच काढायचं."

त्या दिवसापासून काका बदललेच. दाढी रोज करून मागायला लागले. माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली आला. डाव्या हातानं रेघ मारायची म्हणजे टी-स्क्वेअर, ती टीच्या आकाराची लांब पट्टी, धरायला दुसरा हात हवा, तो माझा. "घट्ट धर. हलला टी की गेली रेघ." मी श्वास रोखून धरायची. एक रेघ, मग विश्रांती. तीन दिवस लागले. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी छोटी चौकट आखली, तिचे कप्पे केले. एकात काढणाऱ्याची सही, एकात तपासणाऱ्याची.

"दोघं कशाला?" मी विचारलं.

"आमच्याकडं नियमच तो. काढणाऱ्यानं आपलं ड्रॉइंग आपण तपासायचं नाही. त्याला स्वतःची चूक दिसत नाही. दुसऱ्या माणसाची सही असल्याशिवाय कागद खाली कारखान्यात जायचा नाही."

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "या कागदानं त्यांना उठवून बसवलंय बघ. त्यांना दमवू नकोस, आणि चिडू तर मुळीच देऊ नकोस. डॉक्टर काय म्हणालेत, माहितीये ना?"

गुरुवारी ड्रॉइंग पूर्ण झालं. काकांनी मला समजावून सांगितलं. हा जिना, हा कठडा, ही पन्हळ. चालणाऱ्यांच्या पायात येऊ नये म्हणून कठड्याला लागून ठेवलेली, फक्त तीन बोटं सोडून. कागद फार सुंदर दिसत होता. पण माझी नजर त्या तीन बोटांवरच अडकली.

कारण उतरताना मी सायकल खांद्यावर घेत नसे, कठड्याच्या कडेनं पायऱ्यांवरून सोडत न्यायची. दर खांबाला पॅडल अडकायचं, हँडल घासायचं, मुठीची साल निघायची. माझ्या डाव्या हाताच्या पेरांवर खपल्या होत्या. काकांनी एकदा विचारलंही होतं, हाताला काय झालं, आणि मी म्हणाले होते, काही नाही. कागदावरच्या सायकलला फक्त चाक होतं, पॅडल आणि हँडल नव्हतं. काका चाळीस वर्षं सायकलनं कामाला गेले, पण जिन्यावरून सायकल न्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मी कागदाची गुंडाळी करून ठेवली. आठवी शिकलेली बाई ड्राफ्ट्समनला काय सांगणार? आणि समजा सांगितलं, ते चिडले, त्यांना काही झालं, तर? आईचं वाक्य कानात होतंच.

रविवारी मीच ती गुंडाळी बागेत घेऊन गेले. सगळ्यांनी पाहिली, टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "कुणाला काही सुचवायचंय? तपासनीस म्हणून सही कोण करतंय? नाही तर मी करते."

मी सायकलच्या घंटीकडं बघत उभी राहिले. मग तोंडातून निघालं, "मॅडम, काका म्हणाले सही घरी करून घेतो. उद्या सकाळी तुमच्या दवाखान्यात आणून देते." खोटं होतं ते. मला फक्त एक दिवस हवा होता.

तिथून मी पुलावर गेले. सायकल कठड्यापासून तीन बोटांवर धरली. पॅडल खांबाला. हळूहळू बाहेर सरकवत गेले. जिथं पॅडल सुटलं आणि हँडलही सुटलं, तिथं हातानं मोजलं. एक वीत आणि चार बोटं. पाववाला वरून उतरत होता. "क्या, पूल खरीदनेका है क्या?" मला हसू आलं नाही.

मग मी जे केलं ते करायला आजही धजणार नाही. सायकल लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी केली आणि तिसऱ्या मजल्यावर घरात घेऊन आले.

"अगं अगं अगं!" वहिनी ओरडल्या. "घरात काय सायकल? आत्ता लादी पुसलीये मी!"

"पुसते वहिनी. सगळी पुसते. दोन मिनिटं."

काका गॅलरीत खुर्चीवर होते. गॅलरीला पुलासारखंच उभ्या गजांचं ग्रिल. मी चाक ग्रिलपासून तीन बोटांवर ठेवलं. मग सायकल पुढं ढकलली.

टण्ण.

काका बघत राहिले. "परत."

टण्ण. आणि हँडल गजावर घासत गेलं.

काकांचा चेहरा लाल झाला. वहिनी माझ्याकडं अशा बघत होत्या की काम गेलंच म्हणून मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. काकांनी माझा हात बघितला, त्या खपल्या. मग मान फिरवली.

"आत जा दोघी."

मी स्वयंपाकघरात जाऊन पपई चिरली. चिरलेली परत बारीक चिरली. वहिनी माझ्याकडं पाठ करून ओटा पुसत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, इतक्या दिवसांनी काकांना मिळालेला आनंद मी घालवला होता. आणि मग हाक आली.

"ए बाई! टी कोण धरणार? माझा बाप?"

मी धावत गेले. बोर्डावर कागद होता आणि काका खोडरबर डाव्या हातानं धरून ती पन्हळ खोडत होते.

"गुरुवारी टी कुणी धरला होता?"

"मी."

"मग गुरुवारी तोंड कुठं होतं?"

"तुमचं काम होतं ते, काका. मला काय कळतं त्यातलं?"

"सायकल मी नेतो का तू नेतेस त्या जिन्यावरून? किती अंतर पाहिजे?"

"एक वीत आणि चार बोटं."

"तुझी वीत का माझी? हात ठेव इथं." त्यांनी पट्टीवर माझी वीत मोजली, मग बोटं मोजली, आकडा लिहिला. "घट्ट धर आता. आणि श्वास घे, मरशील अशानं."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पपईची बशी बोर्डाच्या कडेला ठेवली. माझ्यासाठी पण एक फोड जास्तीची होती, हे मी नंतर पाहिलं.

संध्याकाळ होत आली तेव्हा नवी पन्हळ उमटली. काकांनी काढणाऱ्याच्या कप्प्यात वाकडीतिकडी सही केली आणि पेन माझ्याकडं धरलं.

"कर."

"मी?"

"तूच तपासलंस ना? नियम तो नियम."

माझं नाव मी मराठीत लिहिलं. कप्पा इतका छोटा की शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं. काका बघत होते. "गेलीस बाहेर. राहू दे."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती सही पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं, रविवारच्या खोट्यासकट. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी बागेतच बोल गं. टाळ्या वाजवल्या आम्ही, मूर्खासारख्या."

हापिसात ते ड्रॉइंग कॉम्प्युटरवर पुन्हा काढलं म्हणे. त्यावर ना काकांचं नाव आलं ना माझं. पण अंतर तेच राहिलं. पन्हळ बसली तेव्हा पहिला पाववालाच चढला, वर पोचून त्यानं खाली बघून हात जोडले, नाटकीपणानं. त्यानंतर दर सकाळी मी घरात शिरले की काका पलंगावरून विचारायचे, "टण्ण?"

"नाही काका."

"बरं. चहा टाक."

कधीकधी मी मुद्दाम म्हणायची, "आज झालं." मग ते उठून बसायला बघायचे आणि मी हसायची.

ती पन्हळ त्यांनी डोळ्यांनी कधीच पाहिली नाही. खुर्ची तिथवर नेता येईल असा रस्ता नव्हता. मी सांगितलेलं, तेवढंच. काका गेल्यावर वहिनी म्हणाल्या, सायकल तुझ्याकडंच ठेव. ती इथं बेसमेंटला उभी आहे. खाली सायकल लावू द्याल का, हे आजींच्या घरी विचारायचं धाडस मी पहिल्याच दिवशी केलं होतं.

सुट्टी मिळाली की मी अजून तिकडं जाते. ग्रुपचे अर्धे लोक पांगलेत, मॅडम आहेत. बाकीच्या जिन्यांनाही पन्हळी आल्या. त्यांत पानाच्या पिचकाऱ्या असतात, चालणारी माणसं कुरकुरतात की मधेच काय हे लोखंड. मी चाक पन्हळीत ठेवते, ढकलत वर जाते. डाव्या हाताला कठडा, त्याला माझी मूठ लागत नाही.

वर पोचल्यावर मी "नाही काका" म्हणते. हळू म्हणते, पण म्हणते.