उभं राहण्याची भरपाई

माझी बायको भिगवणच्या बाजारात मासे विकायची. चिलापी, कटला, कधी मरळ. तिच्या काट्यात खोट नव्हती आणि तिच्या काट्याला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. फाटकी नोट घडी घालून देणाऱ्या गिऱ्हाइकाला ती चार बायकांत नोट उलगडून दाखवायची. "दादा, तुमच्यावानीच हाय ही. वरनं कोरी, आतनं फाटकी." अशी बाई फोनवर फसली म्हटल्यावर लोक हसले. ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

मी जेमतेम चौथी शिकलेला माणूस. होडी, जाळं आणि उजनीचं पाणी, एवढंच मला कळतं. तरी सांगतो.

त्या दिवशी मी पाण्यावरनं आलो तेव्हा ऊन तापलं होतं. टोपलं दारात ठेवलं आणि आत बघितलं, तर ती चुलीपाशी उभी. डोक्यावरनं पदर, हात पुढं जोडलेले. समोर फळीवर मिठाच्या बरणीला टेकवून फोन ठेवलेला. आमची लेक वालचंदनगरला असते. नातू दिसावा म्हणून तिनंच तो फोन आईला घेऊन दिलेला. मला वाटलं, तिचाच असंल. पण लेकीपुढं कुणी पदर घेऊन उभं राहतं का? मी विचारलं, "कोण हाय गं?" तिनं मागं न बघता हात हलवला, बाहेर जा म्हणून. मी गेलो आणि जाळं वाळत घालत बसलो.

फोनात पोलिसाच्या कपड्यातला माणूस होता. तुमच्या आधार कार्डावर कुणीतरी वाईट माल पाठवलाय, अटक टाळायची तर फोनसमोरनं हलायचं नाही, घरात बोललात तर नवऱ्यालाही आत घालू, असं तो सकाळपासून तिला सांगत होता. मला हे समजलं दिवस मावळताना. तोवर, दुपारी माझा डोळा लागला तेव्हा, ती बँकेत जाऊन, ठेव मोडून, तो म्हणाला त्या खात्यावर सगळं पाठवून आली होती. पिशवीत फोन चालूच होता. घाबरलेली एकटी म्हातारी घाईनं आयुष्याची ठेव मोडते, कुणा परक्याला पाठवते, आणि बँकेतला माणूस तिला एक अक्षर विचारत नाही. फॉर्म त्यानंच भरला. तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी आम्ही दोघं दारात होतो. साहेब आले. पैसे अडवा म्हणून मी हात जोडले. ते म्हणाले, "मावशी, सही तुमचीच ना? मग आता आमच्या हातात काय? ऑनलाइन तक्रार करा. आणि या वयात हवाय कशाला असला फोन?" ती मान हलवत राहिली. समोर दोन खुर्च्या मोकळ्या होत्या.

सगळे विचारतात, एवढी खमकी बाई, तिनं फोन बंद का केला नाही? ते मला ठाऊक आहे. तिचं गाव, जुनं पळसदेव, उजनी धरणात गेलं तेव्हा ती परकरातली पोर होती. जीपमधनं साहेब यायचे, मोजायला टेप धरायचे. तिचा बाप पटका हातात घेऊन त्यांच्यापुढं उभा राहायचा, आणि ती बापाच्या मागं. साहेबानं बोट केलं तिथवर पाणी आलं. तिचं घर, अंगण, बोरीचं झाड, सगळं खाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर दिसतं, लोक फोटो काढायला येतात. ती कधी बघायला गेली नाही. साहेब बोलत असताना बसायचं नाही, मधे बोलायचं नाही, हे तिच्या अंगात तेव्हापासनं मुरलेलं. बाजारात ती वाघीण, पण साहेबापुढं आपल्या बापाची लेक. त्या चोरानं तिला उभी राहा असं सांगितलंच नव्हतं. ती आपणहून राहिली.

त्यानंतर ती बाजारात गेली नाही. एकदाच निघाली होती, तर तिची जाऊ दारातनं म्हणाली, "वहिनी, आज कुणाला पैसे पाठवायचं ठरलंय?" टोपलं तिथंच खाली ठेवलं तिनं.

आणि फोन वाजला की ती उठून उभी राहायची. तोंडात घास असला तरी. लेकीचा असला तरी, शेजारच्या घरातला असला तरी. मी आवाज बंद करून टाकला. मग ती फोनकडं बघत बसायला लागली. म्हणायची, "आवाज न होता आला तर कळायचं कसं?"

बारामतीच्या दवाखान्यात तिला ठेवलं तेव्हाही तेच. वॉर्डात कुणाचाही फोन वाजला की सलाइनच्या हातानं कॉटची दांडी धरून उठायला बघायची. नर्स म्हणायची, "मावशी, तुमचा नाही ओ तो." तिथंच ती गेली. डॉक्टरनं हृदयाचं कारण लिहिलं. मी ते मानतो. फोननं मारली असं मी कुठंही म्हटलेलं नाही.

लेकीनं बारामतीतली एक वकीलबाई गाठली. तरणी, पण ऐकून घेणारी. ती म्हणाली, ग्राहक आयोगात बँकेवर दावा टाकू. गेलेले पैसे एक, आणि मानसिक त्रासापोटी भरपाई दोन.

मी म्हणालो, "मला ते दुसरं पायजे."

"आबा, लोक पहिल्यासाठी भांडतात."

"पैशाचं काय, पाण्यात मासे हायत अजून."

पुढं बँकेचा निरोप आला. पैसे परत देतो, त्रासाचा दावा तेवढा मागं घ्या. वकीलबाई म्हणाली, "घ्या आबा. त्रासाला कागद लागतो. आपल्याकडं मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी नाही, एक गोळी नाही."

"म्हंजे तिला त्रास झालाच न्हाय असं लिहून द्यायचं?"

"तसं लिहायचं नाही. फक्त मागायचं नाही."

"एकच की ते."

लेक रडायला लागली. "बाबा, मिटवा आता." मी म्हणालो, "मिटवलं तर तुझी आई येडी ठरती. मला न्हाय मिटवायचं." लेक माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

तारीख लागली तेव्हा मी धुतलेलं धोतर नेसून बारामतीला गेलो. मला वाटलं, आयोग पुण्याला, इथनं तिकडं जायचं. तर वकीलबाईनं टेबलावर कॉम्प्युटर उघडला. म्हणाली, आज सुनावणी यावरच आहे, अध्यक्षबाई यातच दिसतील.

मी दारातनं मागं वळलो. "फोनातल्या साहेबापुढं मी उभा ऱ्हानार न्हाय."

"आबा, हा फोन नाही. हे आयोगाचं आहे."

"कशावरनं?"

"हा बघा केस नंबर."

"तिला बी नंबर दावला हुता. शिक्का बी दावला हुता."

वकीलबाईनं स्वतः खुर्ची ओढून दिली. "उभं राहू नका. बसून बघा. खोटं वाटलं तर उठून जा, मी अडवणार नाही." म्हणून बसलो.

पडद्यावर चष्मा लावलेली एक बाई आली. मग बँकेचा वकील बोलायला लागला. मयत महिलेवर कसलेही मानसिक उपचार झाल्याचा पुरावा नाही, व्यवहार तिनं स्वतः बँकेत येऊन केला, वगैरे. चुकीचं काही बोलत नव्हता तो, हेच वाईट. त्याचं झाल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "तक्रारदारांना काही सांगायचंय का?" आणि लगेच, "आबा, उभे का? बसा ना."

मी खाली बघितलं. मी उभा होतो. टोपी हातात होती. कधी उठलो, कधी टोपी काढली, मला माहीत नाही.

मी म्हणालो, "बाई, उभा ऱ्हानार न्हाय म्हणून हितं भांडून बसलो हुतो. तरी उभा ऱ्हायलो. मला तर कुणी भ्या बी घातलं न्हवतं. तिला घातलं हुतं." मग दवाखान्यातलं सांगितलं. भाकरीचा घास सांगितला. "त्या चोरानं तिला बस म्हणलं न्हाय. बँकेतल्या साहेबानं बी न्हाय. ती त्या दिशी उभी ऱ्हायली ती मरेस्तवर बसली न्हाय. ह्याला कोणता डॉक्टर चिठ्ठी देतो?"

बँकेचा वकील कागद चाळत राहिला. अध्यक्षबाई पुन्हा म्हणाल्या, "बसा आबा." तेव्हा बसलो.

पुढं निकाल आला. पैसे व्याजासकट द्यायचे आणि त्रासापोटी वेगळी भरपाई, मागितली त्याच्या निम्मीही नाही. वकीलबाई म्हणाली, वर जाऊ, वाढवून मिळेल. मी म्हणालो, तिच्याबद्दल काय लिहिलंय ते वाच. तिनं वाचलं. मयत महिलेस तीव्र मानसिक त्रास सोसावा लागला, हे आयोग मान्य करत आहे.

"ती शहाणी हुती असं हाय का कुठं?"

"असं निकालात लिहीत नाहीत, आबा."

"मग ऱ्हाऊ द्या. वर न्हाय जायचं."

त्या आठवड्यात मी चिलापी व्यापाऱ्याला घातली नाही. टोपलं घेऊन भिगवणच्या बाजारात गेलो. तिच्या बरोबरीच्या बायका तिथंच होत्या. तिच्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं. आमचं कोर्टाचं सगळ्यांना माहीत होतं. एक जण म्हणाली, "काय झालं ओ, आबा?"

"मानलं त्यांनी. तिला त्रास झाला हे मानलं."

ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आमाला इचारलं असतं तर आमी लगीच सांगितलं असतं की. कशाला एवढं हेलपाटं?"

दुसरीनं आपलं पाण्याचं घमेलं सरकवलं आणि पोत्याचं तरट अंथरलं. म्हणाली, "बसा हितं. पर काटा तेवढा नीट धरा, न्हायतर तिचं गिऱ्हाईक पळवून लावाल."

मी बसलो. काटा मला नीट धरता आला नाही, एका बाजूला कलायचा. दुपारी खिशात लेकीचा फोन वाजला. मी तो बसूनच घेतला.