परक्या दारचा जोगवा

देवीवर माझा विश्वास होता, पण ती नांदेडात राहते यावर काही नव्हता. माझी देवी मागेच राहिली, नेपाळात, पोखऱ्याच्या वरच्या अंगाला आमच्या गावच्या देवळात, असं मी धरूनच चालले होते. लग्न करून आले तेव्हा दोन बॅगा आणल्या. देवीला कसं आणणार? आमचे हे मूळचे चाकूरचे. आखातात एका हॉटेलात आम्ही दोघंही कामाला होतो, तिथंच सूत जुळलं. परत आल्यावर ह्यांनी नांदेडला एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं. दिवसभर हे दुकानात, आणि भाड्याच्या घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी इथल्या रीतीनं आत्याबाई म्हणते.

मराठी लवकर आली. भांडण्यापुरती तर फारच लवकर. कारण कॉलनीत मला नाव नव्हतं, मी नुसती 'ती नेपाळीण'. भाजीवाला विचारायचा, "कोणत्या बिल्डिंगवर हाय तुमचा वॉचमन?" वॉचमन असणं काही वाईट नाही, माझ्या सख्ख्या काकानं जन्मभर तेच काम केलं. पण तिसऱ्यांदा विचारल्यावर माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "वॉचमन असता तर आधी तुझा गाडा हाकलला असता!" तो हसला. मी घरी येऊन रडले.

सगळ्यात जड जायचा दसरा. आमच्याकडे दसऱ्याला घरातली थोरली माणसं कपाळाला टिळा लावतात आणि नवरात्रात रुजवलेले जवाचे पिवळे कोंब केसांत खोवून आशीर्वाद देतात. त्या कोंबांना जमरा म्हणतात. माझी आमा, म्हणजे आई, उजव्या कानावरचे केस बोटानं मागे सारायची आणि तिथं जमरा खोवायची. लग्नानंतर दर दसऱ्याला तिचा फोन यायचा आणि एकच प्रश्न असायचा, "जमरा कोणी लावला?" मी म्हणायची, "कोणी नाही." आत्याबाईंची माया नव्हती असं नाही, पण आमच्या घरचे घट चाकूरला थोरल्या दिरांकडे बसतात, आणि मीही कधी तोंड उघडून काही सांगितलं नव्हतं. ही गोष्ट घडली त्या वर्षी श्रावणातच आमा फोनवर म्हणाली, "डोक्यावर हात ठेवायला माणूस नाही तिथं कशाला राहतेस? ये परत." भाऊ दसऱ्यानंतर मला न्यायला येणार असं ठरलं. ह्यांना सांगितलं, तर हे ताटावरून उठले. म्हणाले, "तुला करमत न्हाई तर मी कोणत्या तोंडानं थांबवू?" मला वाटलं होतं, भांडतील.

आणि नेमक्या नवरात्राच्या तोंडावर आत्याबाई न्हाणीत घसरल्या. पायाला प्लास्टर. माहूरच्या रेणुकेची परडी त्यांच्याकडे सासूकडून आलेली. वेताची ती छोटी टोपली घेऊन नवरात्रातल्या शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायचा, त्या पिठाची भाकरी प्रसाद म्हणून खायची, हा त्यांचा नेम. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं.

"परडी आता तू घे."

"मी? आत्याबाई, तुम्ही म्हणाल ते काम करीन. पण कुणाच्या दारात मागायला मी जाणार नाही."

"येडी का काय! तू कुठं मागून राहिलीस? आई मागती. तू नुसती परडी धर." असं म्हणून त्यांनी पडल्या पडल्याच माझ्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला.

दोन दारं सोडून एका घरापुढं उभी राहिले. "उदो उदो" म्हणायचं होतं, त्याऐवजी नुसती कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, परडीकडं पाहिलंच नाही. म्हणाली, "अजून महिना कुठं भरलाय? पहिल्या तारखेला पैशाला वॉचमनलाच पाठव." आणि दार लावलं.

कानशिलं तापली. मनात म्हटलं, बस झालं. डब्यातलं ज्वारीचं पीठ काढून परडीत घालावं, आत्याबाईंना कुठं कळतंय! पण त्या मळवटानिशी खोटं बोलायचं धाडस होईना. घरीही जावेना. चालत राहिले. कॉलनी संपली, रेल्वेचे रूळ ओलांडले, आणि जुन्या वस्तीतल्या एका बोळात शिरले. तिथं उंबऱ्यावर एक म्हातारी सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. मी काही बोलायच्या आधीच तिनं मान वर केली.

"आली का गं माय! कवाची वाट बघून राहिले मी."

मी मागं वळून पाहिलं. बोळात दुसरं कोणीच नव्हतं. तिनं हाताला धरून मला आत नेलं. देव्हाऱ्यापुढं घट बसवलेला, मातीवर पिवळसर कोंब टरारून आलेले. नेपाळ सोडल्यापासून असे कोंब मी डोळ्यांनी पाहिलेच नव्हते. मला हुंदका आवरेना. तिनं परडीत दोन ओंजळी पीठ घातलं, हळदकुंकू वाहिलं. मग वाकली, घटाच्या कडेचे चार कोंब खुडले, माझ्या उजव्या कानावरचे केस बोटानं मागे सारले आणि तिथं खोवले.

अंगावर काटा आला. आताही लिहिताना येतोय. मी तिला माझ्या गावाबद्दल अक्षरही सांगितलं नव्हतं. ती डोक्यावरून हात फिरवून एवढंच म्हणाली, "जा. बाकीची घरं कर."

मग मी थांबले नाही. त्याच बोळात तीन घरी "उदो उदो" म्हटलं, तिन्ही घरांनी वाढलं. पाचवं घर पायांनीच निवडलं. मी पुन्हा त्याच पहिल्या दारात उभी राहिले. या वेळी त्या बाईनं परडी पाहिली. "अगं बाई! जोगवा होय?" म्हणत ती पिठाचा डबाच घेऊन आली आणि पाया पडली. नंतर चूक आठवून एकटीच हसत सुटली, तेव्हा मलाही हसू आलं.

घरी आत्याबाईंनी माझ्या कानाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "घट हलल्याबिगर त्याच्या धानाला कोणी हात लावत न्हाई गं. दसऱ्याला टोपीत, केसांत खोवतात, पण आज? कोण होती ती?"

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मी त्या बोळात गेले. म्हातारी तिथंच होती, तशीच, हाडामांसाची. कोंब का खुडले ते विचारलं, तर तिनं स्वतःच्या कानाला हात लावला. "मलाच कळलं न्हाई माय. हात आपसूक गेला. तू गेल्यावर आईपुढं नाक घासलं मी. सासू असती तर झोडपलं असतं मला!"

"आणि वाट कुणाची बघत होता?"

"जोगवा मागणारीची. आता कोणी येतच न्हाई, लाजतात. मागायलाच कोणी आलं न्हाई तर आम्ही द्यावं कुणाला?"

एवढी वर्षं मी या गावाकडं काहीच मागितलं नव्हतं आणि त्याचाच तोरा मिरवत होते. कुणाच्या तरी दारात कुणीतरी भरल्या सुपानं आपली वाट बघत बसलं असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. रेणुका आईनं मला पाच दारांत उभं केलं आणि मान वाकवून घेतली. तिचे उपकार कसे फेडू? ती परडी आता माझ्याकडंच आहे.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी आमाचा व्हिडिओ कॉल आला. हे शेजारीच बसले होते, जीव मुठीत धरून. आमानं विचारलं, "जमरा कोणी लावला?"

मी उजवा कान पुढं केला. वाळले होते, तरी ते कोंब मी काढले नव्हते. आमानं फोन डोळ्यांजवळ नेला. मग पदरानं डोळे पुसून आत कुणाला तरी हाक मारून म्हणाली, "अरे, तिच्या भावाला सांगा, जाऊ नकोस. पोरगी घरीच आहे."