सुईताईंची सही

आमच्या प्रयोगशाळेत कोटाच्या कॉलरला सुई टोचून हिंडणारी एकच व्यक्ती आहे. त्या सुईत दोरा नसतो. एकमेकांना चिकटलेले तंतू सोडवायला, तुटक्या तंतूच्या तोंडात गोंदाचा थेंब सोडायला आणि कुणाच्या शर्टाचं बटण लोंबत असेल तर त्या दिशेने रोखायला ती लागते. म्हणून सगळे त्यांना सुईताई म्हणतात. खरं नाव हजेरीपटात आहे. त्या नावाने कुणी हाक मारली तर त्या आधी मागे वळून बघतात, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

इथे येण्याआधी सुईताई सोळा वर्षं एका शिंप्याच्या दुकानात फक्त काजं करत होत्या. "आधी कापडाला भोकं पाडत होते, आता भोकवाला दोरा मोजते. नशिबात भोकंच लिहिलीत," हे त्या स्वतः सांगतात. दुसऱ्या कुणी सांगितलेलं त्यांना खपत नाही.

भोकवाला दोरा म्हणजे पोकळ तंतू. जाड दोऱ्याएवढा, दुधासारखा पांढरा आणि आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. त्याच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. गढूळ पाणी बाहेरून दाबलं की गाळ बाहेर राहतो आणि स्वच्छ पाणी तंतूच्या पोटात उतरतं. असे तीनशे तंतू जुडीने प्लास्टिकच्या नळीत बसवायचे आणि दोन्ही टोकांना गोंद ओतून पक्के करायचे, की झाली गाळणी. लिहायला सोपं आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा गोंद तंतूंच्या आत चढून बसला आणि माझ्या हाती तीनशे वातींची एक महागडी मेणबत्ती आली. सुईताईंनी फक्त, "वाढदिवस कुणाचा?" एवढं विचारलं.

त्यांची पद्धत अशी. आधी तंतू मोजायचे, दहादहाच्या झुबक्यांनी, बोटांवर. मोजताना मध्ये बोललेलं चालत नाही. एकदा आमच्या विभागप्रमुख मॅडमनी "चहा घेणार का?" म्हणून विचारलं, तर "दोनशे चाळीस" असं उत्तर आलं. मोजून झाले की जुडीचं टोक खिडकीजवळ धरून भिंगातून प्रत्येक तंतूचं तोंड बघायचं. तोंड उघडं असेल तर तंतू राहिला. मिटलेलं असेल तर उपटला, त्याच्या जागी दुसरा. मग टोकं मेणात बुडवायची, म्हणजे गोंद आत शिरत नाही, मग गोंद, आणि गोंद सुकला की पात्याने टोक सपाट कापायचं. तीनशे तोंडं पुन्हा उघडी. उपटलेला तंतू त्या टाकत नाहीत, बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवतात. कशासाठी, ते नऊ वर्षांत कुणाला कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना बोचायची. प्रत्येक नळीला दोन बोटं रुंदीचं एक कार्ड अडकवलेलं असतं. त्यावर तारीख, तंतूंची संख्या आणि खाली "बनवणार" असं लिहून सहीची जागा. नियम असा की सही पदवीवाल्याने करायची, कारण नळी गळली तर उत्तर सही करणाऱ्याने द्यायचं. आमच्या कपाटात सत्तेचाळीस नळ्या आहेत. सगळ्या सुईताईंच्या हातच्या. सह्या अकरा जणांच्या. त्यातले दहा पदव्या घेऊन कधीच निघून गेले. अकरावी मी.

त्यांचे यजमान लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. लिफ्टमधल्या तपासणीच्या कार्डावर दर महिन्याला त्यांची सही असते. "तुमची सही वर-खाली फिरते," सुईताई त्यांना म्हणायच्या, "आणि माझी नळी कपाटात बसते, तीही दुसऱ्याच्या नावाने." त्यावर यजमान म्हणायचे, "अगं, लिफ्टमध्ये लोक आरशात बघतात. कार्ड कोण वाचतंय?" "मी वाचते," असं सुईताई म्हणाल्या की विषय तिथे संपायचा.

या वर्षी मॅडमनी मनावर घेतलं. तीन नव्या नळ्यांची महिनाभर चाचणी होणार होती आणि प्रत्येक नळीत माझा एक सेन्सर असणार होता. मॅडम म्हणाल्या, "तिन्ही नळ्या बुधवारी सकाळी जागेवर लागल्या आणि तिन्ही सेन्सर चालले, तर यापुढे कार्डावर सही सुईताईंची. मी वरच्या ऑफिसात बोलून ठेवलंय. पण तिन्ही. दोन चालले तर मला तोंड उघडता येणार नाही."

सुईताईंनी त्याच संध्याकाळपासून सहीचा सराव सुरू केला. आजवर त्या सही म्हणून नुसतं नाव लिहायच्या. लेकीने पहिल्या अक्षराला शेपूट काढून दिलं, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. वर्तमानपत्राचे कोरे समास भरून गेले. सासूबाई म्हणाल्या, "राष्ट्रपती होणार आहेस का? कोडं सोडवायला जागा ठेव." वर्तमानपत्रातलं कोडं त्या सोडवतात.

आता माझ्या सेन्सरबद्दल. तोही एक तंतूच, पण भरीव. पारदर्शक प्लास्टिकचा, त्यातून पाण्याऐवजी उजेड जातो. तो जुडीच्या मधोमध बसवायचा. शेजारचा पोकळ तंतू तुटला की जुडीतला ताण बदलतो, माझा तंतू किंचित वाकतो, पलीकडे पोचणारा उजेड कमी होतो आणि नळी न उघडता गळती कळते. जुडीत नजरेला खुपू नये म्हणून मी त्याला पांढरं वेष्टण निवडलं. जाडीही अगदी तीच. ही माझी हुशारी.

दुसरी हुशारी त्याहून मोठी. सुईताईंच्या जुडीला कुणी हात लावला तर त्या अख्खा दिवस बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यामुळे त्यांच्या जुडीत मी काहीतरी खुपसणार आहे, हे मी त्यांना सांगितलंच नाही. त्यांची समजूत होती की सेन्सर म्हणजे नळीला बाहेरून चिकटवायची डबी असणार, आणि ती समजूत मी मोडली नाही. पहिल्या दोन नळ्यांच्या वेळी त्यांची मोजणी आणि तपासणी झाली, त्या जेवायला गेल्या, आणि मी हळूच माझा तंतू आत सरकवून टोक मेणात बुडवून ठेवलं. दोन्ही वेळा जमलं. तिसरी जुडी शनिवारी दुपारी मोजून तयार होती, त्या घरी गेल्या होत्या, मी तंतू सरकवला आणि मीही घरी गेले. भिंगाची तपासणी त्यांनी सोमवारवर ठेवली आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

मंगळवारी दुपारी मी तिसऱ्या नळीच्या एका टोकाला टॉर्च लावला आणि दुसऱ्या टोकाशी डोळा नेला. अंधार. नळी फिरवून पाहिलं. अंधारच.

"ताई," मी विचारलं, "या जुडीत काही केलंत का?"

"जे नेहमी करते ते केलं. का गं इंजिनिअरबाई?"

"किती तंतू होते?"

"शनिवारी तीनशे मोजून गेले होते. सोमवारी आले तर तीनशे एक. म्हटलं, सुट्टीत यांना मूल झालं की काय. भिंगातून पाहिलं तर एकाचं तोंड ठार मिटलेलं. उपटला. झाले तीनशे."

मी स्टुलावर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटातून बिस्किटांचा डबा आणला, त्यातला सगळ्यात वरचा तंतू उचलला आणि त्याचं एक टोक माझ्या नाकासमोर धरलं. "हा बघ. उगाच नाही उपटला. याला तोंड आहे का, तूच सांग."

दुसरं टोक त्यांच्या खांद्यावरून मागे, खिडकीकडे गेलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. माझ्या नाकासमोरचं टोक काजव्यासारखं पेटलं.

सुईताईंनी तंतू हलवला. टोक विझलं. पुन्हा खिडकीकडे केला, पुन्हा पेटलं. असं त्यांनी चार वेळा केलं.

"हा मिटलेला नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. त्याला भोक नसतंच. त्यातून उजेड जातो. तोच सेन्सर."

"आणि हे मला आधी सांगायला तुझं तोंड मिटलं होतं?"

गोंद सुकून दगड झाला होता, आता नळीत काहीच घालता येणार नव्हतं. नवी जुडी मोजण्यापासून गोंद सुकून टोकं कापेपर्यंत निदान दोन दिवस. बुधवार उद्यावर. सुईताईंनी तंतूची गुंडाळी केली, ती कोटाच्या खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "चल मॅडमकडे."

मॅडम कपात गरम पाणी घेऊन बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, माझ्या दोन्ही हुशाऱ्यांसकट. मॅडमनी ऐकून घेतलं आणि तिसऱ्या नळीचं कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "सही कर. तिसरी नळी सेन्सरशिवाय लावू, ती कशी चालते तेही कळेल. वरून विचारणा झाली तर उत्तर तू द्यायचंस. सुईताई, तुमचं पुढच्या वर्षी बघू. वाईट वाटून घेऊ नका, तुम्हाला कुणी दोष देणार नाही."

मी पेन उचललं.

"थांब," सुईताई म्हणाल्या. "मॅडम, तंतू कुणी उपटला?"

"तुम्ही."

"मग उत्तर ही का देणार?"

"नियम आहे. सही तिची."

"म्हणजे नऊ वर्षांत मी एकदाही चुकले नाही?"

"कागदोपत्री नाही," मॅडम म्हणाल्या.

"चौदाव्या नळीत गोंद कच्चा राहिला होता, तो माझ्याकडून. एकतिसावी मी तिरकी कापली होती. ती पोरं माझ्यामुळे बोलणी खाऊन गेली. मला कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्या दुकानात काज फाटलं तर मालक माझ्या नावाने ओरडायचा. त्या ओरडण्यात निदान माझं नाव तरी होतं." त्यांनी कॉलरची सुई काढून पुन्हा तिथेच टोचली. "चांगल्या नळ्यांवर सही पुढच्या वर्षी द्या, नाहीतर देऊ नका. ही बिघडलेली माझी आहे. ही मला द्या."

मॅडम गरम पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, "पंचाईत करताय. बिघडलेल्या नळीवर तुमची सही चालते म्हटलं, तर चांगलीवर चालत नाही हे मी वर कोणत्या तोंडाने सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. तुम्ही मॅडम आहात."

मॅडम हसल्या नाहीत, पण कप खाली ठेवताना पाणी हिंदकळलं. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सुईताईंना दिलं.

सुईताई वाकल्या. सराव वर्तमानपत्राच्या लांबलचक समासावर झाला होता आणि कार्ड होतं दोन बोटांचं. पहिलं अक्षर झोकात आलं, शेपूट कार्डाबाहेर पडून टेबलावर गेलं, रेघ मॅडमच्या वहीवर चढली आणि टिंबांना जागाच उरली नाही. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं.

"टिंबं राहू देत," मॅडम म्हणाल्या.

"नको. अर्धवट काम नको," म्हणत त्यांनी दोन्ही टिंबं वहीवर दिली.

बुधवारी तीन नळ्या जागेवर लागल्या. दोन डोळस, एक आंधळी. आंधळीची गळती कळायला एकच जुना उपाय होता. रोज सकाळी पाणी थांबवून आत हवा दाबायची आणि बुडबुडे बघायचे. सुईताईंनी तीस दिवस नळीसमोर स्टूल टाकून ते पाहिले. एकही बुडबुडा आला नाही. माझ्या एका डोळस नळीने मात्र सोळाव्या दिवशी गळतीचा खोटा इशारा दिला. टेबलाला कुणाचा तरी गुडघा लागला होता, एवढंच. त्या वेळी सुईताईंनी फक्त, "वाढदिवस कुणाचा?" एवढं विचारलं.

चाचणी संपली तेव्हा मॅडमनी बाकी दोन कार्डंही त्यांच्यापुढे ठेवली. वर त्या काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही. लेकीने आखून दिलेली सही सुईताईंनी आता छोटी केली आहे. शेपूट गेलं, टिंबं राहिली.

घरी बातमी सांगितली तेव्हा सासूबाईंनी कोड्यातून मान वर न काढता विचारलं, "पहिली सही बिघडलेल्या मालावर केलीस म्हणे?"

"हो."

"मग बरोबर. चांगल्या मालावर कुणीही करतं." आणि त्यांनी कोऱ्या समासाचं पान सुनेकडे सरकवलं.

उपटलेला तो तंतू सुईताईंनी मला परत दिलेला नाही. त्यांच्या खिडकीच्या गजाला तो बांधलेला आहे, एक टोक उन्हात, दुसरं टेबलावरच्या वहीच्या वर. त्या उजेडाचा ठिपका वहीतल्या ज्या ओळीवर पडतो, ती त्यांच्याच अक्षरात आहे. "जुडीत काही घालायचं असेल तर आधी मला सांगावं. मी मोजत असेन तर थांबावं." खाली सही, टिंबांसकट.