चिखल तुडवण्याची शिक्षा

नव्वद सालानंतर मी वाशीला ज्या बाईंकडे स्वयंपाकाला जात होते, त्या फ्रान्सच्या जुन्या इतिहासाच्या पंडित होत्या. सात-आठशे वर्षांपूर्वीची तिथली गावं आणि मठ यांवर त्यांनी जन्म घालवला. मुंबईच्या कॉलेजात शिकवलं, पुस्तकं लिहिली. फ्रान्सच्या सरकारनं दिलेलं पदक त्यांनी कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. मी चौथी शिकलेली. त्या काय लिहितात ते विचारायची मला हिंमत नव्हती. पण जेवता जेवता त्या आपणहून सांगायच्या.

एका वर्षी तिकडच्या विद्यापीठानं त्यांना मानाची पदवी जाहीर केली. तिथे वाचायचं भाषण त्या महिनाभर लिहीत होत्या. एकदा म्हणाल्या, "मठातले साधू किती निर्दयी बघ. थंडी सरली की समुद्रकाठच्या गरीब बायामाणसांना रांगेनं चिखल तुडवायला लावायचे. ही शिक्षा आजवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती. माझं सगळं भाषण तिच्यावरच आहे."

माझं लाटणं थांबलं. लग्नाआधी दर हिवाळ्यात आईबरोबर गावच्या मिठागरात मी तेच केलं होतं. सांगावं, तर एवढ्या मोठ्या बाईंची चूक काढायची. न सांगावं, तर भरल्या सभेत त्यांचं हसं होणार. दोन दिवस असेच गेले. मग भाषण फॅक्सने पाठवायला त्या निघालेल्या दिसल्या, आणि तोंडातून निघून गेलं.

"बाई, ती शिक्षा नाय. तिथं मीठ पिकवत व्हते का?"

"हो. तुला कसं कळलं?"

"मंग बरोबर हाय. पानी सोडायच्या आदी जमीन तुडवून घट्ट करतात. नाय तर पानी जिरतं, मीठ कालं येतं. आमी गानी म्हनत तुडवायचो."

बाई खुर्चीत बसल्या. मला वाटलं, काम गेलं. त्यांनी टेबलावरची मठाच्या जुन्या दप्तराची नक्कल पुन्हा वाचली आणि एकदम हसल्या. "अगं, पुढे लिहिलंय, यांना मासे आणि दारू द्यावी. शिक्षेला मेजवानी कोण देतं? एवढ्या पदव्या घेतल्या, पण पाय कधी चिखलात घातला नाही!"

लिहिलेली पानं त्यांनी माझ्यासमोर फाडली. जराही कचरल्या नाहीत.

"तुझं नाव घालू का भाषणात?"

"नको बाई, लाज वाटते."

मग ओट्याशी उभ्या राहून त्या माझं बोलणं लिहून घेऊ लागल्या. मध्येच विचारलं, "आधी टाच की चवडा?"

मला सांगता येईना. पदर खोचला आणि तिथेच फरशीवर तुडवून बघितलं.